चौऱ्याण्णव नंबरचे डोळे

निंबोळे खुर्दच्या तरुण मंडळाचे अध्यक्ष झुंबरअण्णा एकसष्ट वर्षांचे होते. सत्तावीस वर्षं तेच अध्यक्ष, आणि ‘तरुण’ या शब्दावर गावात आजवर कुणी हरकत घेतली नव्हती. सचिव मात्र खरोखरच तरुण होता. योगेश त्याचं नाव. नाशकात इंदिरानगरला एका मेडिकल दुकानात त्यानं पाच महिने काम केलं होतं, आणि तेवढ्यावर गाव त्याला डॉक्टर म्हणायचं. सुरुवातीला तो ‘अहो, नाही’ म्हणायचा. मग सोडून दिलं. रोज रोज माणूस किती नाही म्हणणार?

तेवीस सालच्या पावसाळ्यात सगळ्या जिल्ह्यात डोळ्यांची साथ आली, तशी ती निंबोळ्यातही आली. पहिल्या आठवड्यात आठ जणांचे डोळे लाल झाले. त्या आठांत झुंबरअण्णांचा पुतण्या होता, म्हणून मंडळानं तातडीची बैठक घेतली.

“हा रोग बघण्यानं पसरतो,” अण्णा म्हणाले. “आजपासून गावात कुणी कुणाच्या डोळ्यात बघायचं नाय.”

योगेशला ठाऊक होतं की बघण्यानं काही होत नाही. हात लागतो, रुमाल लागतो, डोळ्यातलं पाणी लागतं, त्यानं पसरतं. हे सांगायला त्यानं तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात अण्णांनी विचारलं, “काय डॉक्टर, बरोबर ना?”

आता डॉक्टर म्हणून हाक आल्यावर माणूस काय करणार? त्याच्या तोंडून ‘बरोबर’ निघून गेलं.

गावानं नियम मनापासून पाळला. माणसं एकमेकांशी भिंतीकडे तोंड करून बोलू लागली. समोरासमोर आलेल्या दोन मोटारसायकलवाल्यांनी एकमेकांचा विचार करून एकदमच डोळे मिटले आणि दोघंही सोयाबीनमध्ये गेले. वरच्या आळीत मुलगी बघायचा कार्यक्रम ठरलेला होता, तो पाठीला पाठ लावून पार पडला, आणि दोन्हीकडून पसंती आली. मंडळानं वेशीवर जनजागृतीचा फ्लेक्स लावला. त्यावर बावीस कार्यकर्त्यांचे फोटो होते आणि बावीसही जणांनी काळे गॉगल घातले होते. कोण कुठला ते त्यांच्या घरच्यांनाही ओळखू येईना, त्यावरून दोन घरांत भांडणं झाली ती वेगळीच.

एवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण योगेशनं शिबिर काढलं.

खरं तर त्याचा बेत चांगला होता. इंदिरानगरच्या जुन्या मालकाकडून त्यानं थेंबांच्या आठ बाटल्या आणल्या. आजारी आठ, बाटल्या आठ. मालकानं देताना नेहमीचं वाक्य म्हटलं होतं, “एका बाटलीला एकच माणूस. टोक डोळ्याला लावायचं नाही.” हे वाक्य योगेशनं स्वतः पाच महिने गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं. झोपेतून उठवलं असतं तरी त्यानं म्हणून दाखवलं असतं.

अण्णांनी बाटल्या मोजल्या आणि नाराज झाले. “आठ माणसांचं कसलं शिबिर रे? फोटोत काय दिसायचं? सगळ्या गावाला बोलाव. ज्याला रोग नाय त्यालाही टाक. होण्याआधीच होणार नाय.”

रविवारी सकाळी मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात रांग लागली. रांग मंडळानं न्यायानं लावली होती. आजारी माणसांचा मान पहिला, म्हणून लाल डोळ्यांचे आठ जण सगळ्यात पुढे. मग म्हातारे. मग बाया. मग पोरं. मग तरणी माणसं. आणि अगदी शेवटी रोजंदारीवाले, कारण ते नेहमीच शेवटी असतात. तो नियम कुणी केला नव्हता, त्यामुळे कुणाला मोडताही येत नव्हता.

दिनेश वहीत नोंद करायला बसला. दिनेश म्हणजे मंडळाचा खजिनदार, आणि गावातला एकमेव पिकअप त्याचा. योगेश एकेकाचा डोळा उघडून बघायचा, मोठ्यानं ‘लाल’ किंवा ‘बरे’ म्हणायचा, आणि दिनेश मान वर न करता लिहायचा, कारण बघायचं नाही असं ठरलेलं होतं. अहवाल पाठवला तर तालुक्याचं आदर्श मंडळाचं बक्षीस मिळेल, असा अण्णांचा अंदाज होता.

त्या सकाळी सगळ्या गावाच्या डोळ्यात बघितलेला माणूस एकच. योगेश.

आता गॉगलचं सांगायला हवं. डोळा तपासताना योगेश गॉगल कपाळावर चढवायचा आणि थेंब टाकताना खाली ओढायचा, कारण फोटो थेंब टाकतानाच काढत होते. म्हणजे नेमकं जेव्हा दिसायला हवं तेव्हा त्याला काही दिसत नव्हतं. आठ बाटल्या गावाला वेगवेगळ्या पुरणार नव्हत्या, म्हणून एकच बाटली सगळ्यांना चालली होती; तिसऱ्या माणसाला टाकताना तिचं टोक त्याच्या पापणीत शिरलं. योगेशनं गॉगल वर केला. टोकाला पिवळट चिकट काहीतरी लागलं होतं.

तो थांबला. किती वेळ, ते त्याला नंतर पुष्कळदा मोजावंसं वाटलं. तीन सेकंद असतील. पाकिटात सात बाटल्या होत्या आणि समोर एक्क्याण्णव माणसं होती. थांबलं तर का थांबलो ते सांगावं लागलं असतं.

“डॉक्टर, इकडं बघा,” फोटोवाला म्हणाला.

योगेशनं टोक सदऱ्याच्या कडेला पुसलं, गॉगल खाली ओढला आणि चौथ्याचा डोळा उघडला.

शेवटचा नंबर चौऱ्याण्णव. कुसाबाई. पेठ तालुक्याच्या बाजूच्या एका आदिवासी पाड्यावरची. आठ वर्षं झाली, मुलगा पुंजा आणि सून यांना घेऊन, पुढं नात मैना झाल्यावर तिलाही घेऊन, ती झुंबरअण्णांच्या टोमॅटोवर कामाला यायची आणि मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायची. घरच्या भाताची आवणी, म्हणजे लावणी, उरकून ती आदल्याच दिवशी परत आली होती. पुंजा आणि सून मळ्यात होते, मैनाला खोकला होता, म्हणून ती एकटीच आली होती. योगेशनं तिचा डोळा उघडला आणि त्याला उगाच बरं वाटलं. इतका पांढरा डोळा त्यानं सकाळपासून बघितला नव्हता. नुकत्याच धुतलेल्या बशीसारखा.

“बरे,” तो म्हणाला. मग गॉगल खाली, बाटली खाली, आणि टोक तिला टोचलंच. तिनं मान किंचित मागे घेतली.

“देव भलं करो, योगेशभाऊ,” ती म्हणाली आणि पदरानं डोळा पुसत गेली.

बुधवारपर्यंत गावातले सत्त्याहत्तर जण लाल झाले. सकाळी पापण्या चिकटलेल्या माणसांचा ओरडा घराघरातून यायचा. अण्णांचे स्वतःचे डोळे असे सुजले की त्यांनी म्हशीऐवजी शेजाऱ्याच्या मोटारसायकलपुढे वैरण टाकली.

आरोग्य खात्यासाठी आशाताई म्हणून काम करणारी तृप्ती घरोघर फिरत होती. तिनं योगेशला ओट्यावर गाठलं. “शिबिरात प्रत्येकाला वेगळी बाटली दिलीस ना रे?”

“हो,” योगेश म्हणाला.

“टोक लावलं नाहीस ना कुणाला?”

“ताई, मी मेडिकलात होतो.”

“तेच म्हटलं,” तृप्ती म्हणाली, आणि तिनं रजिस्टरात तसं लिहून घेतलं. ती गेल्यावर योगेशला एकदम पाणी प्यावंसं वाटलं. दोन तांबे प्याला.

गुरुवारी मंडळाची बैठक झाली. रोग आला कुठून, हा विषय होता. सगळे पाठी वळवून गोल बसले होते, त्यामुळे प्रत्येकजण बाहेर अंधाराकडे तोंड करून बोलत होता.

“बाहेरून कोण आलं?” दिनेशनं विचारलं.

“ती कुसाबाई. शनिवारी आली. सोमवारपासून आपण आजारी.”

“हिशेब जुळतोय की राव.”

“आता तिचेपण डोळे आलेत. सुनेचेही. मी लांबून बघितलं. म्हणजे बघितलं नाय, ऐकलं.”

योगेश बैठकीचं इतिवृत्त लिहीत होता. पुतण्या ती येण्याच्या चार दिवस आधीच आजारी पडला होता, हे सगळ्यांनाच माहीत होतं, पण आठवायला कुणाला नको होतं. आणि तिचे डोळे रविवारी पांढरे होते, हे मात्र एकट्या योगेशला माहीत होतं. बोलायला जागा होती. बैठकीत तीन वेळा सगळे गप्प झाले, तिन्ही वेळा त्यानं पेन हलवून बघितलं.

ठराव तीन कलमांचा झाला. एक, कुसाबाईच्या घरच्यांनी गावच्या हापशावर यायचं नाही. दोन, मैनानं शाळेत बसायचं नाही. तीन, पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की दिनेशच्या पिकअपमधून चौघांना त्यांच्या पाड्यावर हाकलून देणे.

“डॉक्टर, हे ‘हाकलून देणे’ वाईट दिसतंय कागदावर,” अण्णा म्हणाले. “माझ्याच मळ्यातली माणसं हायेत. टोमॅटोची बांधणी अर्धी राहणार माझी. गावासाठी त्याग करतोय मी.”

योगेशनं खोडलं आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘सन्मानपूर्वक रवानगी करणे’. सगळ्यांना ते आवडलं. “शिकलेला माणूस लागतोच मंडळाला,” कुणीतरी अंधाराला सांगितलं.

त्याच बैठकीत चौथं ठरलं. पंधरा ऑगस्टला योगेशचा सत्कार.

पुढचे चार दिवस योगेश मळ्याच्या रस्त्यानं गेला नाही. शाळेच्या रस्त्यानं मात्र जावंच लागायचं. शुक्रवारी त्याला मैना दिसली. दुसरीतली पोर. वर्गाच्या खिडकीखाली उकिडवी बसून आतल्या पोरांबरोबर नऊचा पाढा म्हणत होती. आतल्यांचा त्रेसष्टवर गोंधळ व्हायचा, हिचा होत नव्हता. उलट ती आणखी मोठ्यानं म्हणायची, आत मदत व्हावी म्हणून. मग गुरुजींचा हात बाहेर आला आणि खिडकी लागली. मैना थोडा वेळ तिथंच बसली. मग हळू आवाजात नव्वदपर्यंत पूर्ण करूनच उठली.

योगेश तिथून तडक झुंबरअण्णांच्या घरी गेला. सांगून टाकायचं, असं त्यानं वाटेत चार वेळा ठरवलं.

“बरं झालं आलास,” अण्णा डोळ्यावर ओलं फडकं ठेवून पडले होते. “शाल कुठल्या रंगाची आणू?”

“अण्णा, मला जरा बोलायचं होतं. त्या शिबिराबद्दल.”

“बोलशील की सत्कारात. रंग सांग.”

योगेशनं उंबऱ्यातलं पाऊल मागं घेतलं.

“मरून,” तो म्हणाला.

पंधरा ऑगस्टला गावानं गॉगल घालून झेंड्याला सलामी दिली. राष्ट्रगीत संपल्यावर गुरुजींनी ‘पीछे मुड’ दिलं आणि सगळं गाव मंचाकडे पाठ करून खाली बसलं. मंचावर अण्णा, योगेश, एक नारळ आणि मरून शाल. शाळेच्या फाटकाशी दिनेशचा पिकअप तयार उभा होता. मळ्याकडे जायला त्याला पाच मिनिटं लागली असती.

अण्णांनी पाठींना उद्देशून भाषण केलं. डॉक्टर योगेश यांनी जिवाची पर्वा न करता चौऱ्याण्णव लोकांच्या डोळ्यांत, वगैरे. मग शाल अंगावर आली. ऑगस्टच्या दमटात ती अशी चिकटली की योगेशला वाटलं, आता ही निघायची नाही.

“दोन शब्द बोला डॉक्टर.”

योगेशच्या समोर दोनशे पाठी होत्या. त्याला वाटलं होतं, चेहरे दिसत नाहीत म्हणजे सोपं जाईल. पण पाठीही ओळखू येत होत्या.

“रोग कुसाबाईनं नाही आणला,” तो म्हणाला. “मी पसरवला. एकाच बाटलीनं सगळ्यांना टाकलं. टोक लागत होतं. मला कळत होतं. तिसऱ्या माणसालाच कळलं होतं.”

मागच्या बाजूनं, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं पुढच्या बाजूनं, एक टाळी वाजली. मग दुसरी. मग सगळी.

“याला म्हणतात मोठेपणा!” अण्णा भारावून म्हणाले. “गावाचा दोष स्वतःच्या अंगावर घेतला पोरानं. नायतर आजकालची पोरं!”

“अहो मोठेपणा नाही अण्णा, खरंच मी...”

“बास बास. किती लाजतो.”

टाळ्या वाढल्या. फाटकाशी दिनेशनं पिकअप सुरू केला.

योगेशनं दिनेशची शिबिराची वही टेबलावरून उचलली. अहवालासाठी ती मंचावर पूजेसारखी ठेवलेली होती. त्यानं पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. टाळ्यांच्या वर आवाज जावा म्हणून तो ओरडूनच वाचू लागला.

“एक नंबर, अण्णांचा पुतण्या. लाल. दोन, लाल. तीन, लाल. चार... आठ नंबर, सोसायटीचे चेअरमन. लाल. नऊ नंबर, भागुबाई. बरे. दहा, तिचे मालक. बरे. अकरा, बरे. बारा, बरे...”

टाळ्या विरल्या. विसाव्या नंबरापर्यंत पाठी हलू लागल्या. माणसं स्वतःचा नंबर आठवत होती, आणि मग आपल्या आधी कोण होतं ते.

“म्हणजे मला चेअरमनमुळं झालं?” भागुबाई उठून उभी राहिली.

“मला तुझ्यामुळं!” तिचा नवरा म्हणाला.

“तुम्हांला माझ्यामुळं? आयुष्यात पयल्यांदा माझ्या मागं उभे राहिलात, तर एवढं बोलताय?”

मग तर गाव वळलंच. दोन आठवडे ज्यांनी एकमेकांकडे बघितलं नव्हतं, ते आता नंबराप्रमाणे एकमेकांच्या डोळ्यात बोटं घालायला निघाले. बत्तीसनं एकतीसची गचांडी धरली. साठ नंबरचा पोरगा एकोणसाठ नंबरच्या पोरीला ‘तुझ्यामुळं झालं’ म्हणाला आणि लाजला. त्यांचं काय चाललंय ते पुढं कधीतरी कळेलच. योगेश वाचतच राहिला. एवढ्या गोंगाटात शेवटची ओळ ऐकू जाणार नाही म्हणून त्यानं माइक तोंडात गेल्यासारखा धरला.

“चौऱ्याण्णव नंबर. कुसाबाई. बरे. तिच्यामागे कुणी नव्हतं.”

ते मात्र ऐकू गेलं.

बोटांवर हिशेब करणाऱ्यांचा हिशेब पूर्ण व्हायला थोडा वेळ लागला. शेवटी उभा असलेला माणूस कुणाला काही देऊ शकत नाही. त्याला फक्त सगळ्यांचं मिळतं.

“मग,” गर्दीतून एक आवाज आला, “तिला शेवटी उभं केलं ते एका परीनं बरंच केलं ना आपण? म्हणूनच तिच्यावरचा आळ गेला.”

यावर दोनतीन माना हलल्यासुद्धा. योगेशला त्या वेळी कोण बोललं ते दिसलं होतं, पण ते नाव त्यानं पुढं कुणाला सांगितलं नाही. त्याला वाटायचं, हा विचार आपल्याही डोक्यात येऊन गेला असता.

अण्णांनी घसा साफ केला. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते गॉगलमुळं कळलं नाही. “ठराव रद्द,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, “ती शाल काढ. तिला देऊ.”

मंडळ शाल आणि नारळ घेऊन मळ्याकडे निघायच्या आत योगेश पळत सुटला होता. शेडपुढे चार बोचकी बांधून ठेवली होती. पुंजा आणि त्याची बायको सुजलेल्या डोळ्यांनी भिंतीला टेकून बसले होते. कुसाबाई उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ चिंधी बुडवून मैनाच्या पापण्या पुसत होती. प्रत्येक डोळ्याला नवी चिंधी घेत होती, वापरलेली चुलीत टाकत होती. कुणी शिकवलं तिला, कोण जाणे.

“मावशी,” योगेश धापा टाकत म्हणाला, “जायचं नाही आता. ठराव रद्द झाला. मी सांगितलं सगळ्यांना. ते माझ्यामुळं झालं. मी त्या बाटलीनं...”

“ठावं हाय,” कुसाबाई म्हणाली.

“काय?”

“बाटली लागली ना माझ्या डोळ्याला. ओली, चिकट होती. तवाच कळलं.”

“मग बोलली का नाहीस? त्या दिवशी नाही, तर ठरावानंतर तरी!”

कुसाबाईनं चिंधी चुलीत टाकली. “मी बोलले असते, तर पयलं मला खोटं पाडलं असतं. मग खरं निघालं असतं, तर तुला तोंड दाखवायला जागा नसती राहिली. आठ वर्सं झाली तुला बघते. पंधरासोळाचा होतास. सायकल शिकताना आमच्या चुलीत पडला होतास. म्हणलं, पोरगा हाय, दोनचार दिसांत सांगंल आपला आपण. नऊ दिस लागले रं पोरा.”

योगेशला वाटलं होतं, ती रागावेल. त्या तयारीनं तो आला होता.

“माफ कर,” तो म्हणाला. मैना एका उघड्या डोळ्यानं त्याच्याकडे बघत होती, म्हणून तो जमिनीकडे बघून म्हणाला.

तेवढ्यात मंडळ पोचलं. बावीस गॉगल, एक शाल, एक नारळ. फोटोवालाही होता. मागून दिनेश पिकअप घेऊन आला, कारण इंजिनच्या आवाजात त्याला काही ऐकू आलं नव्हतं आणि ठराव रद्द झाल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं.

“कुसाबाई,” अण्णा म्हणाले, “झालं गेलं विसरून जा. आता तू राहायचं. बांधणी अर्धी राहिली हाय.”

“शाल नको, अण्णा,” कुसाबाई म्हणाली. “आठ वर्सं तुमच्या मळ्यात काढली. आठ वर्सं मला वाटायचं, आपण हितलेच. पाच दिस हापशाला हात नाय लावू दिला. पोर खिडकीखाली बसली. आता ‘राहा’ म्हणताय. ऱ्हाईन. पण पुन्ना कुणाचं पोट दुखलं, का खोकला आला, का मग पुन्ना बोचकं बांधीन. तेवढ्या खेपा माझ्यानं नाय व्हायच्या.”

“अगं पण...”

“शाल नको. पिकप द्या.”

दिनेशनंच बोचकी चढवली, आणि आपण काय करतोय हे कळलं तेव्हा गॉगल काढून खिशात ठेवला. रद्द झालेल्या ठरावाची अंमलबजावणी ठरल्या वेळी, अगदी सन्मानपूर्वक झाली. मैना मागच्या फळीवर बसली होती. तिनं योगेशला विचारलं, “दादा, माझा दाखला?”

“मी आणून देतो,” योगेश म्हणाला.

“दे,” कुसाबाई म्हणाली. देणार नाही हे धरून चाललेल्या आवाजात.

सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी योगेश दहाला गुरुजींच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. गुरुजींनी काही न विचारता शाळा सोडल्याच्या दाखल्याचं पुस्तक काढलं. मुलीचं नाव, जन्मतारीख, इयत्ता, वर्तणूक चांगली. मग पेन एका रकान्यापाशी थांबलं. शाळा सोडण्याचे कारण.

“पालकांचे स्थलांतर, असं लिहितो आपण सगळ्यांना,” गुरुजी म्हणाले.

“ते खोटं आहे, गुरुजी.”

“मग काय लिहू?”

“खरं ते लिहा. गावानं काढलं. माझं नाव लिहा.”

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. त्यांचे डोळे अजून लालच होते. “योगेश, हा कागद पोरीबरोबर जन्मभर जाणार. पुढच्या शाळेत, हायस्कुलात, नोकरीला गेली तर तिथं. प्रत्येक ठिकाणी तिनं हा टेबलावर ठेवायचा, आणि समोरच्यानं विचारायचं, काय झालं होतं गं? तुझी लाज तिनं कशाला वागवायची?” मग खिडकीकडे न बघता म्हणाले, “माझी तरी कशाला?”

त्यांनी ‘पालकांचे स्थलांतर’ लिहिलं. अक्षर चांगलं होतं. शिक्का मारला. योगेशनं घेणाऱ्याच्या रकान्यात सही केली. सगळ्या पानावर त्याचं नाव तेवढंच आलं.

पेठच्या पुढं बस उतरल्यावर पाड्यापर्यंत तीन किलोमीटर चिखल होता. योगेशनं दाखला प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी सदऱ्याच्या आत धरली होती. वाटेत भेटलेल्या म्हातारबाबानं त्याला विचारलं, “साहेब, सर्व्हेला आलात का?” योगेशनं नाही म्हटलं. “मग कशाला?” यावर तो नुसता हसला आणि म्हातारा त्याला वेडा समजून बाजूला झाला.

कुसाबाई दारात नागली, म्हणजे नाचणी, पाखडत होती. मैना कुठं दिसत नव्हती. आतून पाढ्यांचा आवाज येत होता, बाराचा चालला होता. कुसाबाईनं वर बघितलं. तिच्या डोळ्यांची सूज उतरली होती, कोपऱ्यात थोडी लाली होती.

“आणलास,” ती म्हणाली. आश्चर्य वाटल्यासारखं नाही, पण सूप तिनं खाली ठेवलं.

योगेशनं सदऱ्यातून पिशवी काढली आणि पुढं केली. तिनं हात पुढं केला नाही.

“आधी हात धू,” ती म्हणाली.

पिशवी त्यानं ओट्यावर ठेवली. तिनं तांब्या भरून आणला आणि अंगणाच्या कडेला उभी राहून त्याच्या हातांवर पाणी घालू लागली. आत बाराचा पाढा शंभराच्या पुढं गेला. योगेशनं तळवे चोळले, बोटांच्या मधे चोळलं, नखं चोळली, मनगटापर्यंत धुतलं. ती पुरे म्हणेना, म्हणून तो धुतच राहिला.